दिवा बंद ठेवण्याचा हक्क

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा आला की अमेरिकेतल्या असंख्य कचेऱ्यांचे रूप पालटते. स्वागतकक्षाच्या टेबलावर प्लास्टिकची कवटी येते, क्युबिकलच्या कडांवर पांढरी जळमटे ताणली जातात, छताला सांगाडे लोंबू लागतात, झेरॉक्स मशीनशेजारी थर्मोकोलचे थडगे उभे राहते. काही ठिकाणी विभागाविभागांत स्पर्धा लागते आणि सर्वांत भयानक कोपऱ्याला बक्षीस मिळते. ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनची ही ऑफिसातली आवृत्ती. तिची बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे सगळीकडे जवळपास सारखेच असते. चार दिवसांची गंमत आहे, कामाच्या रगाड्यात माणसांना जरा मोकळे वाटते, एरवी न बोलणारे एकमेकांशी बोलतात, आणि सक्ती तर कोणावरच नाही. ज्याला आवडत नाही त्याने दुर्लक्ष करावे. यातला शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण बाकीचे सगळे त्याच्या आधारावर उभे आहेत. आणि तोच खोटा आहे.

हॅलोविन हा मुळात उंबरठ्यावरचा सण. ख्रिस्ती पंचांगात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस, आणि त्याची आदली रात्र म्हणजे हॅलोविन. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये याच सुमाराला, सुगी आटोपून थंडी सुरू होताना, साविन हा जुना केल्टिक सण होई. दोन्हींच्या चालीरीती एकमेकींत मिसळत गेल्या. तिथे सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. १८४५ ते १८५२ या दुष्काळाच्या काळात आयर्लंडमधून लाखो माणसे अमेरिकेत गेली, आणि तिथे सलगमाची जागा कोरायला सोप्या अशा मोठ्या भोपळ्याने घेतली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत ही रात्र अमेरिकी गावांना डोकेदुखी झाली होती. तरुणांची टोळकी फाटके उचलून नेत, कुंपणे मोडत, खिडक्या फोडत. मिनेसोटातल्या अनोका गावाने मुलांना या उपद्रवापासून दूर ठेवण्यासाठी १९२० साली मिरवणूक काढली. १९३० च्या दशकात दारोदार फिरून खाऊ मागण्याची प्रथा पसरू लागली, दुसऱ्या महायुद्धातल्या साखरेच्या रेशनिंगमुळे मंदावली आणि युद्धानंतर देशभर पक्की झाली. खाऊ द्या नाहीतर खोडी काढू, असा हा मुलांचा आणि मोठ्यांचा लुटुपुटीचा करार आहे.

या कराराचा एक नियम कुठल्या कायद्यात लिहिलेला नाही, पण अमेरिकेतल्या शाळकरी मुलांना तो ठाऊक असतो. ज्या घराच्या पोर्चमधला दिवा लागलेला असेल त्या दारावर जायचे. जिथे अंधार असेल ते घर सोडून पुढे जायचे. आतल्या माणसाला काही सांगावे लागत नाही. घरात कोणी आजारी असेल, नुकतेच कोणी गेले असेल, धर्मात हा सण बसत नसेल किंवा दिवसभराच्या कामाने अंग मोडून आले असेल; कारण काहीही असो, दिवा बंद ठेवला की पुरे. दुसऱ्या दिवशी शेजारी त्याचा जाब विचारत नाहीत. भुताखेतांचा, प्रेतांचा आणि रक्ताचा हा खेळ शेजारपाजारच्या माणसांना इतकी वर्षे सोसवला आणि आवडला, तो या एका सोयीमुळे. भीती मागून घेतली तर ती गंमत असते. हॅलोविनने दाराशी येऊन ती मागून घ्यायची सोय ठेवली आहे.

सजावटीचा बाजार मूळ सणाच्या मानाने नंतरचा. मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅमच्या डेनिसन कंपनीने १९०९ साली 'बोगी बुक' नावाची पुस्तिका काढली. क्रेप कागदाची वटवाघळे, चेटकिणी आणि मांजरे कशी करावीत, मेजवानीची खोली कशी सजवावी, हे त्या पुस्तिकेत असे. अर्थात कागद डेनिसनचाच. तिथून सुरू झालेला प्रवास २०२० साली होम डेपोच्या दुकानांत विकायला आलेल्या १२ फुटी सांगाड्यापर्यंत पोचला. किरकोळ विक्रेत्यांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२३ साली अमेरिकेतला हॅलोविनचा खर्च १२.२ अब्ज डॉलरवर जाईल असा अंदाज दिला होता. एवढ्या मालाला फक्त घरे पुरत नाहीत. ऑफिस हे त्या मालाचे नवे गिऱ्हाईक आहे, आणि 'परंपरा' म्हणून जे सांगितले जाते त्यातला बराच भाग या विक्रीचा आहे.

ऑफिसला पोर्च नसतो आणि पोर्चमधला दिवाही नसतो. कर्मचाऱ्याला त्याच दारातून आत यावे लागते, त्याच बोळातून जागेवर जावे लागते आणि दिवसाचे आठ तास, आठवडाभर, तिथेच काढावे लागतात. सजावटीला परवानगी साहेबाची असते, बऱ्याचदा पैसे कंपनीचे असतात, स्पर्धेचा निकाल वरिष्ठ लावतात, आणि वार्षिक मूल्यमापन अनेक कंपन्यांत त्यानंतरच्या एकदोन महिन्यांतच असते. अशा जागी 'कोणावर सक्ती नाही' या वाक्याला अर्थ उरत नाही. नोटीस काढून केलेली सक्ती निदान दिसते. ही दिसत नाही, म्हणून तिच्याविरुद्ध बोलणारा माणूसच दोषी ठरतो. मिसळत नाही, तोंड वाकडे करतो, याच्यात संघभावना नाही, असे शिक्के त्याच्यावर बसतात. दुर्लक्ष करण्याचा सल्ला देणाऱ्यांनी दहा पावलांवर लटकणाऱ्या प्रेताकडे दुर्लक्ष करत हिशेब तपासणे म्हणजे काय, याचा विचार केलेला नसतो. शिवाय सजावटीचा हेतूच लक्ष वेधण्याचा असतो. जी वस्तू नजर खेचण्यासाठी टांगली, तिच्याकडे पाहू नका असे सांगणे न्यायाचे नाही.

धर्माच्या आधारावर ज्यांचा आक्षेप आहे त्यांना अमेरिकी कायद्याने काही संरक्षण दिले आहे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचे सातवे प्रकरण १५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना लागू होते, आणि कर्मचाऱ्याच्या धर्माचरणाला वाजवी सवलत देणे मालकावर बंधनकारक करते. जून २०२३ मध्ये ग्रॉफ विरुद्ध डीजॉय या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे बंधन आणखी घट्ट केले. रविवारी काम करायला नकार देणाऱ्या एका टपाल कर्मचाऱ्याचा तो खटला होता. सवलत नाकारायची तर धंद्याला भरीव जादा भार पडतो हे मालकाने दाखवावे, किरकोळ गैरसोय पुरेशी नाही, असे न्यायालयाने सांगितले. यहोवाचे साक्षीदार या पंथाची माणसे हॅलोविन पाळत नाहीत. त्यांना या कायद्याचा आधार मागता येतो. पण तो मागावा लागतो. एचआरकडे जाऊन आपला धर्म कोणता, त्यात काय वर्ज्य आहे, हे सांगावे लागते. पोर्चमधला दिवा बंद ठेवणाऱ्याला जे कधीच सांगावे लागत नव्हते, ते ऑफिसात अर्ज करून सांगायचे, ही उलटी गंगा आहे. आणि ज्याच्याजवळ धर्माचे कारण नाही, फक्त दुःख आहे, त्याला हा कायदाही उपयोगी पडत नाही.

हे दुःख विरळ नाही. २०२२ साली अमेरिकेत ४९ हजारांहून जास्त माणसांनी आत्महत्या केली. त्या प्रत्येकामागे आईबाप, भावंडे, जोडीदार, मुले राहिली, आणि त्यातली बहुतेक थोड्याच दिवसांत कामावर परतली, कारण घरभाडे थांबत नाही. गळफास लावलेली बाहुली ही हॅलोविनच्या बाजारातली नेहमीची वस्तू आहे. ज्याने घरात दार उघडल्यावर ते दृश्य खरोखर पाहिले आहे, त्याच्या टेबलासमोर ती टांगली गेली तर टांगणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. समर्थक इथे म्हणतात, आम्हाला काय माहीत कोणाच्या घरी काय झाले? हा बचाव नाही, हीच खरी अडचण आहे. सहकाऱ्यांच्या घरी काय घडले हे ऑफिसात ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याचे कारणही नाही. म्हणूनच तिथे काय टांगायचे याची मर्यादा सर्वांत जास्त दुखावलेल्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून आखावी लागते.

अशा दृश्यांची सवय नजरेला काय करते, याची दोन उदाहरणे अमेरिकी वृत्तपत्रांत येऊन गेली आहेत. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये डेलावेअर राज्यात एका स्त्रीने रस्त्याकडेच्या झाडाला गळफास घेतला. तिचा देह कित्येक तास तिथे होता. जाणारेयेणारे तो हॅलोविनची सजावट समजून पुढे गेले. २००९ साली लॉस एंजेलिसजवळ मरिना डेल रे इथे एका वृद्ध माणसाचा मृतदेह त्याच्या सज्जात काही दिवस पडून होता, आणि शेजाऱ्यांनाही ती सजावटच वाटली होती. या दोन्ही घटना ऑफिसाबाहेरच्या आहेत. पण त्यातून जे दिसते ते ऑफिसातही खरे आहे. मेलेल्या माणसाचे हुबेहूब रूप वर्षानुवर्षे गंमत म्हणून मांडले, की खरा मेलेला माणूस समोर असूनही ओळखू येत नाही. रुग्णालये, विमा कंपन्यांची दावे निकाली काढणारी कार्यालये, आपत्कालीन दूरध्वनी केंद्रे, न्यायालये इथे तर कर्मचाऱ्यांसमोर रोज कोणाचा तरी खरा मृत्यू येत असतो. तिथल्या काउंटरवर रक्ताळलेला पंजा ठेवणे हा येणाऱ्या माणसाचा अपमान आहे, ठेवणाऱ्याच्या मनात काहीही असो.

फासाच्या दोराला अमेरिकेत आणखी एक इतिहास आहे. टस्कीगी संस्थेच्या नोंदींनुसार १८८२ ते १९६८ या काळात जमावाने ठार केलेल्यांची संख्या ४,७४३ होती आणि त्यात ३,४४६ कृष्णवर्णीय होते. कामाच्या ठिकाणी फास टांगून कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना धाक दाखवल्याच्या तक्रारींवर समान रोजगार संधी आयोगाने खटलेही चालवले आहेत. तिथे 'ती सजावट होती' हे उत्तर ऐकणाऱ्याला कसे लागेल, हे समजायला फारशी कल्पनाशक्ती लागत नाही.

मनोरुग्णालय हा स्पर्धेतला आणखी एक आवडता देखावा: बोळाला पांढऱ्या चादरी, बांधलेले हात, भिंतीवर रक्ताने ओढलेल्या रेघा. या बाबतीत बाजाराने ऑफिसांच्या आधी माघार घेतली आहे. २०१३ साली ब्रिटनमध्ये ॲस्डा आणि टेस्को या दुकानसाखळ्यांनी 'मनोरुग्णा'चे हॅलोविन पोशाख विक्रीला ठेवले होते. लोकांचा संताप उसळल्यावर दोघांनी ते काढून घेतले आणि माफी मागितली. २०१६ साली कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्म या उद्यानाने '५१५०' या आकड्याच्या नावाचा खेळ सुरू केला. तो आकडा त्या राज्यातल्या एका कलमाचा आहे. मानसिक आजाराच्या टोकाच्या अवस्थेतल्या माणसाला ७२ तासांपर्यंत ठेवून घेण्याची तरतूद त्यात आहे. मनोरुग्णांच्या कुटुंबांच्या संघटनांनी हरकत घेतल्यावर खेळ काही दिवसांतच बंद झाला. जिथे माणूस स्वतः तिकीट काढून भीती विकत घेतो तिथे ही मर्यादा मान्य झाली. पगारासाठी येणाऱ्या माणसापुढे तेच दृश्य मांडण्याचा हक्क ऑफिसाला कुठून मिळाला, याचे उत्तर समर्थकांनी द्यायला हवे. त्यांच्याच शेजारच्या खुर्चीवर औषधे घेऊन, कोणाला न सांगता, नेटाने काम करणारा माणूस बसलेला असू शकतो.

समर्थकांचा एक युक्तिवाद मात्र वजनाचा आहे. मृत्यूला हसणे ही माणसाची जुनी गरज आहे, ते म्हणतात, आणि जो समाज मृत्यूला झाकून ठेवतो तो त्याला जास्त घाबरतो. दाखल्यासाठी ते मेक्सिकोतल्या मृतांच्या दिवसाकडे बोट दाखवतात. दाखला चांगला आहे, पण तो त्यांच्या विरुद्ध जातो. १ आणि २ नोव्हेंबरला मेक्सिकोत घरोघरी जी मांडणी होते तिच्यावर त्या घरातल्या मृतांचे फोटो असतात, त्यांच्या आवडीचे पदार्थ असतात, झेंडूची फुले आणि मेणबत्त्या असतात. साखरेच्या कवट्यांवर नावे असतात. तिथे मृत्यूची भीती जाते, कारण मृत्यूला चेहरा असतो आणि तो आपल्या माणसाचा असतो. ऑफिसातल्या लोंबत्या प्रेताला नाव नाही, नाते नाही. ते फक्त दचकवते. थडग्यांवर सहकाऱ्यांची नावे लिहिण्याचा जो प्रकार काही ठिकाणी चालतो, तो तर या दाखल्याची सरळ विटंबना आहे. कर्मचारीकपातीच्या बातम्या कानावर येत असताना आपल्या नावाचे थडगे पाहणाऱ्याला त्यातून मृत्यूचे तत्त्वज्ञान समजत नाही.

मग उत्साहाचे काय? सजावट वरून लादलेली नसते, माणसे हौसेने पुढे येतात, असे सांगितले जाते. पुढे कोण येते हे पाहिले तर चित्र बदलते. लिंडा बॅबकॉक, मारिया रेकाल्डे, लीस वेस्टरलुंड आणि लॉरी वाइनगार्ट या संशोधकांनी २०१७ साली 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. कोणीतरी करायलाच हवे, पण करणाऱ्याला बढतीसाठी त्याचा उपयोग नाही, अशी कामे कोणाच्या वाट्याला येतात, हा त्यांचा प्रश्न होता. स्त्रीपुरुष मिश्र गटांत असे काम अंगावर घेण्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत ४८ टक्क्यांनी जास्त निघाले. गट फक्त पुरुषांचा किंवा फक्त स्त्रियांचा असेल तर मात्र हा फरक उरत नव्हता. याचा अर्थ स्पष्ट आहे: स्त्रियांना हौस जास्त आहे असे नाही, त्यांनीच ते करावे अशी सगळ्यांची अपेक्षा असते. ऑफिसातली सजावट हे या प्रकारच्या कामाचे अगदी ठरीव उदाहरण आहे. संध्याकाळी थांबून जळमटे ताणणाऱ्या आणि १ तारखेला शिडीवर चढून ती काढणाऱ्या हातांची नोंद मूल्यमापनाच्या कागदावर होत नाही. त्याला हौस म्हटले की मोबदल्याचा प्रश्न मिटतो, आणि म्हणूनच तो शब्द इतक्या सहज वापरला जातो.

आगीचा विषय काढला की 'चार दिवसांचे तर आहे' हे वाक्य पुन्हा पुढे येते. कामाच्या जागेची सुरक्षितता पाहणाऱ्या अमेरिकी संघराज्य यंत्रणेचे, ओशाचे, नियम दिवस मोजत नाहीत. बाहेर पडण्याच्या मार्गावर सहज पेट घेणारी सजावट नसावी, असे त्यांत स्पष्ट लिहिले आहे. बाहेर पडण्याचे दार कोणत्याही सजावटीने झाकलेले नसावे, मार्ग कुठेही २८ इंचांपेक्षा अरुंद नसावा, स्प्रिंकलर आणि त्याखालची कोणतीही वस्तू यांत किमान १८ इंचांचे अंतर असावे, हेही लिहिले आहे. ऑफिसातल्या हॅलोविनच्या सजावटीचे घटक या यादीशेजारी ठेवून पाहावेत. दाराला काळा पडदा, म्हणजे दार दिसत नाही. बोळ अरुंद करून केलेला भुयाराचा देखावा, म्हणजे २८ इंच राहतात की नाही हे कोणी मोजलेले नसते. छताला ताणलेली जळमटे, म्हणजे स्प्रिंकलरचे तोंड त्यांत गुरफटते. फॉग मशीनच्या धुक्याने स्मोक डिटेक्टर वाजू लागतो, मग कोणीतरी त्यावर पिशवी चढवते आणि ती काढायचे विसरते. क्रेप कागद, कापसासारखी जळमटे, वाळलेली मक्याची ताटे या झटकन पेटणाऱ्या वस्तू आहेत हे अग्निशमन दले दर ऑक्टोबरला सांगत असतात.

हे नियम कोणा खडूस कारकुनाच्या डोक्यातून निघालेले नाहीत. बोस्टनमधल्या कोकोनट ग्रोव्ह या नाइटक्लबला २८ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री आग लागली आणि ४९२ माणसे मेली. तळघरातल्या दालनात कृत्रिम माडाची झाडे होती, छताला कापड ताणलेले होते. अंधुक उजेड हवा म्हणून एका गिऱ्हाइकाने बल्ब काढला होता. तो परत बसवायला आलेल्या पोऱ्याने दिसावे म्हणून काडी ओढली. आग त्या काडीनेच लागली, असे अधिकृत चौकशीने ठरवले नाही. सजावट पेटली आणि आग वर धावली, एवढे निश्चित. मुख्य फिरते दार माणसांच्या रेट्याने अडकले, इतर काही दारे कुलूपबंद होती. न्यू जर्सीतल्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचर या उद्यानातला भुताचा वाडा ११ मे १९८४ रोजी जळाला आणि ८ किशोरवयीन मुले गेली. तो वाडा ट्रेलर एकमेकांना जोडून उभा केलेला होता. तात्पुरते बांधकाम समजले गेल्याने त्यात स्प्रिंकलर नव्हते. अंधाऱ्या बोळातला लुकलुकणारा दिवा बंद पडला होता. वाट दिसावी म्हणून एका मुलाने लायटर पेटवला आणि ज्वाळा भिंतीच्या फोमला लागली, असे तपासात निघाले. कंपनीवर फौजदारी खटला चालला, त्यात १९८५ साली ज्युरीने तिला निर्दोष ठरवले. पण अशा वास्तूंसाठीचे अग्निसुरक्षेचे नियम देशभर कडक झाले.

दोन्ही ठिकाणी अंधार मुद्दाम केलेला होता, आणि त्या अंधारात दिसावे म्हणून कोणीतरी ज्योत पेटवली. आता ऑफिसात कोणी काडी ओढत नाही, मोबाइलचा टॉर्च लावतो; मेणबत्त्याही एलईडीच्या असतात, हे मान्य केले पाहिजे. धोका त्यामुळे कमी झाला आहे. पण पुढचा भाग तसाच आहे. विजेच्या एका वायरीवर पाच माळा जोडल्या जातात, भोवती कागद असतो, आणि आग लागलीच तर ज्या माणसाला दार शोधायचे आहे त्याच्यापुढे काळा पडदा असतो. 'तात्पुरते' हा शब्द न्यू जर्सीतल्या त्या वाड्याच्या बाबतीतही वापरला गेला होता.

पुण्यामुंबईतल्या परदेशी कंपन्यांच्या कार्यालयांतही आता ही सजावट होते, तेव्हा हा प्रश्न महाराष्ट्राचाही झाला आहे. इथे त्याला विरोध करणारे बहुधा चुकीच्या जागी उभे राहतात. हा सण सैतानाच्या पूजेचा आहे, हे खरे नाही. तो परका आहे म्हणून नको, हेही कारण होऊ शकत नाही. नाताळचा तारा मराठी घरांत केव्हापासूनच लागतो आणि त्यात काही बिघडलेले नाही. खरे कारण असे की अमेरिकेत निदान घराघरांतला हॅलोविन आहे, पोर्च आहे, खाऊ मागणारी मुले आहेत. इथे त्यातले बहुतेक काही नाही. इथे बराचसा सण फक्त ऑफिसातून आला, म्हणजे ज्या रूपात नकाराची सोय नाही नेमक्या त्या रूपात. त्यातही गोव्यातल्या आणि वसईतल्या कॅथलिक कुटुंबांसाठी २ नोव्हेंबर हा आपल्या मृतांचा दिवस असतो. त्या दिवसासाठी कबरी साफ केल्या जातात, फुले वाहिली जातात, मेणबत्त्या लावल्या जातात, प्रार्थना होते. दोनच दिवस आधी ऑफिसात क्रूस रोवलेले थर्मोकोलचे थडगे पाहून त्या घरातल्या कर्मचाऱ्याने काय करावे? हसावे? बहुसंख्यांपैकी कोणाला हा प्रश्न पडत नाही, कारण क्रूस त्यांच्या स्मशानातला नसतो.

आगीच्या बाबतीतही इथली स्थिती अमेरिकेपेक्षा बरी नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीच्या मालकाने किंवा ताबेदाराने अग्निसुरक्षेची यंत्रणा चालू स्थितीत ठेवायची असते आणि तसे प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलै महिन्यांत द्यायचे असते. ऑक्टोबरच्या शेवटी चढलेला आणि नोव्हेंबरात उतरलेला पडदा या दोन्ही तपासण्यांच्या मधून सुटतो. मुंबईत कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या पबला २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर आग लागली आणि १४ माणसे मेली. आडोशाला म्हणून स्वच्छतागृहात शिरलेल्यांपैकी अनेक गुदमरून गेली. ते ऑफिस नव्हते, पण त्याच आवारात शेकडो माणसे रोज ऑफिसात येतजात होती.

एवढे सगळे नाकारल्यावर उरते काय, असा शेवटचा सवाल केला जातो. बरेच उरते. कोरलेले भोपळे, पानगळीचे रंग, एलईडीचे कंदील, कागदी वटवाघळे, मांजरे, यांनी कोणाची जखम उघडी होत नाही. भय हवेच असेल तर ते एका खोलीत असावे. खोलीला दार असावे, आत काय आहे ते दारावर लिहिलेले असावे, आणि ती खोली कोणाच्याही कामाच्या वाटेवर नसावी. जिथे कर्मचाऱ्यांची मुले ३१ तारखेच्या दुपारी खाऊ गोळा करायला ऑफिसात येतात तिथे ज्याला भाग घ्यायचा त्याने आपल्या टेबलावर खूण म्हणून एक भोपळा ठेवावा. ज्याच्या टेबलावर भोपळा नाही तिथे मुलांनी थांबायचे नाही, आणि का नाही हे कोणी विचारायचे नाही. स्पर्धा आणि बक्षीस बंद व्हावे, कारण वरिष्ठांनी गुण द्यायला सुरुवात केली की ऐच्छिक असे काही उरत नाही. प्रेत, फास, मनोरुग्ण आणि सहकाऱ्यांच्या नावाची थडगी यांना कुठल्याच खोलीत जागा नसावी. सजावटीचे काम कामाच्या वेळात, पाळीपाळीने आणि पुरुषांनीही करावे. छतापासून १८ इंचांच्या आत काही टांगू नये, दारांवर काही लावू नये, डिटेक्टरला हात लावू नये. मक्याची ताटे आणि गवताच्या पेंढ्या इमारतीबाहेरच राहाव्यात, आणि १ नोव्हेंबरला कामाला सुरुवात होण्याआधी सगळे उतरवलेले असावे.